लॉर्ड कॅशपॉइंट आणि माझं पावतीपुस्तक

लंडनला पहिली नोकरी लागली तेव्हा आईनं फोनवर विचारलं, "म्हणजे तू तिकडे जाऊन वर्गणी गोळा करणार?" मी 'फंडरेझर' हा हुद्दा दोनदा समजावून सांगितला. पण तिचंच बरोबर होतं. मुलाखतीत "आजवर कुणाकडे पैसे मागितलेत का?" असं विचारलं, तेव्हा मास्टर्सचं प्रोजेक्ट बाजूला ठेवून मी कोल्हापूरचं सांगितलं होतं. राजारामपुरीतल्या आमच्या मंडळाचं पावतीपुस्तक सात वर्षं माझ्याकडे होतं. कोणत्या दुकानात सकाळी जायचं नाही, कुणाला आधी शेजाऱ्याचा आकडा दाखवायचा, सगळं पाठ. नोकरी त्यावर मिळाली असं माझं ठाम मत आहे.

आपली मुलं इथे शिकायला येतात आणि बँका नि कन्सल्टन्सीच्या मागे लागतात. धर्मादाय संस्था, विद्यापीठं, रुग्णालयांचे निधी, इथे पैसे उभे करणाऱ्यांची पगारी फौज असते, हे कुणाच्या गावीही नसतं. म्हणून हे लिहितोय.

माझ्या साहेबबाईंनी पहिल्या आठवड्यात एकच गृहपाठ दिला: ब्रिटनच्या मजूर पक्षासाठी पैसे उभे करणारे मायकल लेव्ही वाचून ये. या धंद्यात काय कमावता येतं आणि ते किती महागात पडू शकतं, दोन्ही त्या एका माणसात सापडेल, म्हणाल्या.

लेव्हींचा जन्म ११ जुलै १९४४चा, पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागातला. स्थलांतरित ज्यू कुटुंब, वडील सिनेगॉगमध्ये सेवेकरी, परिस्थिती बेताची. पोरगा चार्टर्ड अकाउंटंट झाला. इथवरची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही सीएची वाटते. पुढे मात्र अशिलांमध्ये संगीतवाले येऊ लागले आणि १९७३ साली याने स्वतःचीच रेकॉर्ड कंपनी काढली, मॅग्नेट. आल्विन स्टारडस्ट, ख्रिस रिया हे तिचे गायक. १९८८मध्ये कंपनी वॉर्नरला विकली आणि गडी गडगंज झाला. त्याच्या आसपास 'ज्यूइश केअर' या समाजसेवी संस्थेसाठी निधी जमवायला त्यांनी स्वतःला वाहून घेतलं आणि हिशेबनीस माणसातला खरा मागणारा तिथे बाहेर आला. घरी बोलवायचं, जेवू घालायचं आणि रक्कम तोंडावर मागायची.

'तोंडावर मागायची' हे वाचायला सोपं आहे. माझा पहिला प्रयत्न सांगतो. हॅरोमधले एक निवृत्त कापडव्यापारी, गुजराती गृहस्थ. तीन भेटी झाल्या होत्या, तयारी पूर्ण. मी म्हणालो, "काका, दहा हजार पौंडांचा विचार कराल का?" त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं काचा पुसायला लागले. एक काच झाली, दुसरी झाली. मला राहवेना. "म्हणजे, पाच हजारही चालतील." चष्मा लगेच नाकावर गेला. "ठीक आहे बेटा, पाच." परतताना ट्यूबमध्ये साहेबबाई एवढंच म्हणाल्या, "तुझ्या त्या वाक्याची किंमत पाच हजार पौंड." आकडा उच्चारला की गप्प बसायचं. मला ते जमायला दीड वर्ष लागलं.

१९९४ साली एका इस्रायली मुत्सद्द्याच्या घरच्या जेवणात लेव्हींची गाठ टोनी ब्लेअर यांच्याशी पडली. मैत्री जमली, टेनिस सुरू झालं. त्याच वर्षी ब्लेअर मजूर पक्षाचे नेते झाले. पक्षाला कामगार संघटनांच्या पैशावरचं अवलंबित्व कमी करायचं होतं, आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाऊन मागणारा माणूस आयताच समोर होता. १९९७मध्ये सत्ता आली, लेव्ही लॉर्ड झाले, पुढे मध्यपूर्वेसाठी ब्लेअर यांचे खास दूत. वर्तमानपत्रांनी बारसं केलं: 'लॉर्ड कॅशपॉइंट'. कॅशपॉइंट म्हणजे आपलं एटीएम.

रुग्णालयाला पैसे देणाऱ्याला फार तर भिंतीवर नावाची पाटी मिळते. सत्ताधारी पक्षाला देणाऱ्याला काय मिळतं, हा प्रश्न मात्र लोक विचारणारच. मागण्याची कला तीच, पण राजकारणात आली की तिच्याकडे बघण्याची नजर बदलते. २०००च्या कायद्यानं मोठ्या देणग्या जाहीर करणं सक्तीचं केलं. व्यापारी दरानं घेतलेली कर्जं मात्र त्यात नव्हती. २००५च्या निवडणुकीसाठी मजूर पक्षानं १२ जणांकडून जवळजवळ १ कोटी ४० लाख पौंड कर्जाऊ घेतले. मार्च २००६मध्ये पक्षाचे खजिनदार जॅक ड्रोमी यांनी जाहीरपणे सांगितलं की, मला यातलं काही माहीत नव्हतं. खजिनदारालाच! मंडळात असं झालं असतं तर विसर्जनाआधीच मारामारी झाली असती.

कर्ज देणाऱ्यांपैकी काहींची नावं हाउस ऑफ लॉर्ड्स या संसदेच्या वरच्या सभागृहासाठी सुचवली गेली होती. त्यात एक गुलाम नून, जन्म मुंबईचा, घरचं मिठाईचं दुकान, इंग्लंडात तयार भारतीय जेवणाच्या धंद्यातले मोठे उद्योजक. त्यांचं कर्ज अडीच लाख पौंडांचं. गदारोळात त्यांचं नाव मागे पडलं. ते लॉर्ड झाले ते थेट २०११मध्ये. पैशाच्या बदल्यात लॉर्डपद, या संशयावरून लेव्हींना पोलिसांनी अटक केली १२ जुलै २००६ला, बासष्टावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. पुढच्या जानेवारीत पुन्हा. असे मानाचे किताब विकण्याविरुद्धचा कायदा १९२५चा आहे आणि त्याखाली आजवर एकालाच शिक्षा झालीय, माँडी ग्रेगरी नावाच्या दलालाला, १९३३ साली. लेव्हींनी आरोप सतत नाकारले. २० जुलै २००७ला सरकारी वकिलांनी सांगितलं, कुणावरही खटला नाही. म्हणजे सुटले. पण 'कॅशपॉइंट' काही पुसलं गेलं नाही.

मला विचाराल तर चूक मागण्यात नव्हती, कागदात होती. कर्जंही जाहीर करावी लागतील असा कायदा २००६मध्येच आला. जे काम कागदावर उघड करायला पक्ष बिचकतो, त्यात उद्या मागणाऱ्याचाच चेहरा छापून येतो.

ज्यांना या क्षेत्रात शिरायचंय त्यांच्यासाठी. सुरुवात बहुधा संशोधनाच्या टेबलावर होते: देणगीदार कोण, कंपन्या कोणत्या, आधी कुणाला दिलंय. 'कंपनीज हाउस' म्हणजे कंपन्यांची सरकारी नोंदणी कचेरी, तिची माहिती फुकट आहे, महिनाभर तिच्यात बुडा. गिफ्ट एड समजून घ्या: धर्मादाय देणगीवर सरकार पौंडामागे २५ पेन्स वर घालतं, पक्षाच्या देणगीवर काही नाही. आणि नोकरीतली देणगीदारांची यादी पक्षाच्या कामाला कधीही वापरू नका. लेव्हींच्या ओळखी त्यांच्या स्वतःच्या होत्या, तुमच्या संस्थेच्या असतात.

पक्षाचं काम शिकायचं असेल तर स्थानिक शाखेत स्वयंसेवक व्हा. आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं, पण भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे राहायची परवानगी असलेला भारतीय नागरिक मतदारयादीत नाव घालू शकतो, मत देऊ शकतो. आणि यादीत असलेला माणूस देणगीही देऊ शकतो. ५०० पौंडांच्या वरची देणगी आली की तपासणी ३० दिवसांत करायची, देणारा पात्र नसेल तर पैसे परत.

आमच्या शाखेच्या एका जेवणात मी दारापाशी यादी घेऊन बसलो होतो. पुण्याहून मुलाकडे आलेले एक काका भाषणानं इतके भारावले की कार्ड काढून ६०० पौंड देऊन मोकळे. दुसऱ्या दिवशी तपासलं, तर काका पर्यटक, यादीत नाव असणं शक्यच नाही. फोन करून सांगितलं, पैसे परत येतील. काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "परत घ्यायला माझी हरकत नाही हो. पण दिले होते, याची पावती मिळेल ना?"

मी लिहून पाठवली. घेतले अमुक तारखेला, परत केले तमुक तारखेला. खाली सही माझी.