ग्रीक मूळशब्द पाठ करायचेत? मासळीबाजारात जा

जीवशास्त्र शिकताना ग्रीक मूळशब्दांची यादी घोकत बसू नका. मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या मासळीबाजारात पिशवी घेऊन एक फेरी मारा.

‘पोड’ म्हणजे पाय, ‘डेका’ म्हणजे दहा. कुर्ली (खेकडा), सुंगटं (कोळंबी), शेवंड (लॉबस्टर) हे सगळे डेकापोड. कुर्लीचे पाय नांग्यांसकट मोजा, दहा भरतात. माकूल (स्क्विड) सेफॅलोपोड, कारण ‘केफाले’ म्हणजे डोकं, आणि या प्राण्याचे हात थेट डोक्यालाच फुटलेले असतात. शंखातला जीव पोटावर सरकतो, म्हणून गॅस्ट्रोपोड. ‘गॅस्टर’ म्हणजे पोट. एकदा हाताने चाचपलेला शब्द सहसा विसरत नाही.

आपल्याला आणखी एक मोठा आधार आहे. ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे निम्मं काम घरातच झालेलं असतं. पोड–पाद, डेका–दश, ऑक्टो–अष्ट, ओडोन्ट–दंत. (दातांना तारा बसवणारा ऑर्थोडॉन्टिस्ट आठवा.) संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला ‘स’ असेल, तर ग्रीकमध्ये पुष्कळदा ‘ह’ येतो: सप्त–हेप्टा. मला ही जोडी फार आवडते. मात्र कानाला सारखं वाटलं की नातं असेलच, असं धरू नका. ग्रीक ‘थिऑस’ आणि आपला ‘देव’ अर्थाने एकच, पण त्यांचं मूळ वेगळं.

रोज पाचच शब्द घ्या, मोठ्याने म्हणा. दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी आणि आठवड्याने वही मिटून आठवा. अडलेला शब्द पुढच्या बाजारफेरीला सोबत न्या.