जात आणि वंश गोष्टीतून शिकवताना या चुका टाळा

चवदार तळ्याची गोष्ट सांगून झाल्यावर शिक्षक विचारतात, "यातून आपण काय शिकलो?" वर्ग एका सुरात उत्तर देतो, "सर्व माणसे समान आहेत." घंटा होते आणि फळा पुसला जातो. माझ्या मते हे उत्तर इतक्या तत्परतेने आले, की तास फसला असे समजावे. कारण मुलांनी गोष्टीवर विचार केलेला नसतो, शिक्षकांना काय ऐकायचे आहे ते ओळखलेले असते.

याचे पहिले कारण म्हणजे आपण गोष्ट फार गुळगुळीत करून सांगतो. महाडची गोष्ट बहुतेक वर्गांत "बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायले" इथे सुरू होऊन तिथेच संपते. प्रत्यक्षात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्येच मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही अस्पृश्यांना तिथे पाणी घेता येत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रहींनी पाणी प्यायल्यानंतर महाडला भरलेल्या परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचे "शुद्धीकरण" केले गेले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि न्यायालयातला वाद 1937 पर्यंत चालला. हे खडबडीत तपशील काढून टाकले, की मुलांना बोलण्यासारखे काही उरतच नाही. ते ठेवले, तर सातवीच्या वर्गाला एकच प्रश्न पुरतो: "ठराव कागदावर होता, मग माणसे तळ्याकडे का गेली नाहीत?" मार बसेल, काम तुटेल, सावकार पैसे देणार नाही, अशी उत्तरे मुले स्वतःहून देतात.

अमेरिकेतल्या वर्णभेदाची गोष्ट सांगतानाही हीच चूक होते. रोझा पार्क्स म्हणजे दमलेली वयस्कर शिवणकाम करणारी बाई, असे चित्र रंगवले जाते. 1 डिसेंबर 1955 रोजी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला त्यांनी नकार दिला, तेव्हा त्या 42 वर्षांच्या होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेचे काम त्या कित्येक वर्षे करत होत्या. त्यांच्या नऊ महिने आधी त्याच शहरात क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीनेही बसमधली जागा सोडायला नकार दिला होता. शहरातल्या बसवरचा पुढचा बहिष्कार 381 दिवस चालला. थकवा ही लढ्याची तयारी नव्हे, हे मुलांना कळायला हवे.

दुसरी चूक अधिक हळुवारपणे होते, म्हणून ती लवकर दिसत नाही. गोष्टीत एक सोसणारा आणि एक मोठ्या मनाचा उद्धारकर्ता एवढेच असतात आणि सोसणाऱ्याला तोंड नसते. अशा वेळी फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा निबंध वाचून दाखवावा. मांग समाजातल्या या किशोरवयीन मुलीने 1855 मध्ये "ज्ञानोदय" या नियतकालिकात महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिले आणि आमचा धर्म कोणता, असा थेट जाब विचारला. बरोबरीच्या वयाची मुलगी जाब विचारते, हे ऐकताना वर्गाची बसण्याची ढबच बदलते.

सर्वांत जास्त इजा करणारी चूक मात्र गोष्टीत नसून नंतरच्या संवादात असते. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी वर्गात मोठ्याने नावे वाचली गेलेली असतात, त्यामुळे कोण कुठला हे सर्वांना ठाऊक असते, आणि मग शिक्षक सहानुभूतीने त्याच मुलाकडे वळून म्हणतात, "तू सांग, तुला काय वाटते?" त्या मुलाला त्या क्षणी फक्त बाकाखाली जावेसे वाटते. कोणाला बोलायचे असेल, तर तो आपणहून बोलेल. प्रश्न पात्रांविषयी विचारावेत: तळ्याकाठी राहणाऱ्या माणसाने त्या रात्री घरी काय सांगितले असेल? अस्पृश्यतेचा "खेळ" वर्गात करून पाहण्याचा मोहही याच कारणाने टाळावा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शिक्षिका जेन एलियट यांनी 1968 मध्ये वर्णभेद अनुभवायला मिळावा म्हणून डोळ्यांच्या रंगावरून तिसरीच्या मुलांचे दोन गट केले, त्याची नक्कल आपल्याकडे हौसेने होते. डोळ्यांच्या रंगाचा भेद घंटा झाल्यावर संपतो. आपल्या वर्गातल्या काही मुलांची "भूमिका" घरापर्यंत त्यांच्यासोबत जाते.

वंश हा विषय परदेशाचा, असे मानून तो तिकडेच ठेवणेही बरोबर नाही. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला आणि त्याने 1610 च्या सुमारास खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली, हा आपलाच इतिहास आहे. पुण्यात शिकायला आलेल्या ईशान्य भारतातल्या मुलांना रस्त्यात कोणत्या नावाने हाक मारली जाते, हे वर्गातल्या मुलांना आपण सांगावे लागत नाही.

गोष्ट नीट उतरली, की अडचणी सुरू होतात. एकदा सहावीच्या तासाला एक मुलगी सहज म्हणाली, "आमच्याकडे कामाच्या मावशींचा कप वेगळा असतो." वर्ग हसला. मी घाईने "असे करू नये" म्हणालो आणि ती पुन्हा त्या तासात बोलली नाही, कारण मी तिच्या आईवर निकाल दिला होता. त्याऐवजी "तो कप कुठे ठेवतात? तो कोण धुते?" एवढेच विचारायला हवे होते. जोतीराव फुले यांच्या 1873 च्या "गुलामगिरी" या संवादरूप पुस्तकात धोंडिबा सतत शंका विचारत राहतो आणि संवाद त्यामुळेच पुढे सरकतो. अमेरिकेतली गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलेले ते पुस्तक असल्यामुळे जात आणि वंश यांचा दुवा दाखवायलाही ते सोयीचे आहे.

आरक्षणाचा प्रश्न हमखास येतो आणि तो बहुधा घरातल्या शब्दांत येतो. त्याला गप्प करू नये आणि दोन मिनिटांत निकालीही काढू नये. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्याच्यासाठी वेगळा तास ठेवावा. वर्ग अजिबात बोलत नसेल, तर बिननावाच्या चिठ्ठ्या घ्याव्यात, पण आधी स्वतः वाचाव्यात, कारण अक्षरावरून मूल ओळखू येते. "शाळेत जात कशाला काढता?" अशी तक्रार घेऊन पालक आले, तर वाद न घालता वर्गात सांगितलेली गोष्ट आणि विचारलेले प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावेत, पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीची उद्देशिका दाखवावी आणि संविधानाचा पंधरावा अनुच्छेद उघडावा. त्यात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावाने उल्लेख आहे.