थॅलॅमसची पेशी, कार्बाकॉल आणि वीस पिकोॲम्पियरचा उलटा पल्स

पहिल्या वर्षी मी मेंदूच्या थॅलॅमस या भागातल्या चौदा पेशींवर कार्बाकॉल (ॲसिटिलकोलीनसारखं काम करणारं औषध) सोडला. चौदाही पेशी बर्स्ट (विजेच्या ठोक्यांचे घोस) सोडून सुटेसुटे स्पाइक (एकेक ठोका) द्यायला लागल्या. मी खुशीत प्रिंटआउट नेऊन सरांच्या टेबलावर ठेवले. सरांनी चहाचा कप बाजूला सारला, कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, "रेझिस्टन्स कुठंय?" रेझिस्टन्स म्हणजे पेशीचा पडदा करंटला किती अडवतो ते, आणि तो मी मोजलाच नव्हता. तीन आठवड्यांचं काम कपाटात गेलं ते अजून तिथंच आहे.

पॅच-क्लॅम्पच्या (बारीक काचेची पिपेट पेशीला चिकटवून तिचं व्होल्टेज मोजायच्या) रिगवर बसायला लागलेल्या आणि थॅलॅमसकडे वळणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी, भुलीचे नियम वगैरे तुमच्या संस्थेच्या समितीकडून आधी झालेलं आहे असं धरून चालते.

आधी आपण काय बघणार आहोत ते नीट समजून घ्या. थॅलॅमसची रिले पेशी (आलेले संदेश मेंदूच्या सालीकडे पाठवणारी) दोन तऱ्हांनी बोलते. पडद्याचं व्होल्टेज −७० मिलिव्होल्टच्या आसपास किंवा खाली असेल तर धक्का दिल्यावर एक बुटका कॅल्शियमचा उंचवटा उठतो आणि त्याच्या डोक्यावर दोन ते सहा-सात स्पाइक दाटीवाटीनं बसतात, की लगेच शांत. हा बर्स्ट. तीच पेशी −६० ते −५५ वर असेल तर तोच धक्का दिल्यावर स्पाइक एकामागोमाग, अंतर राखून येतात आणि धक्का असेपर्यंत येत राहतात. हा टॉनिक. यानसेन आणि यिनास यांनी १९८४ मध्ये गिनीपिगच्या स्लाइसमध्ये (मेंदूच्या जिवंत ठेवलेल्या पातळ कापात) हे तपशीलवार दाखवलं. यामागे टी-प्रकारचं कॅल्शियम चॅनेल (पडद्यातलं कॅल्शियम आत सोडणारं दार) आहे. ते उंदराच्या सापळ्यासारखं वागतं: एकदा सुटलं की पुन्हा ताणून लावल्याशिवाय सुटत नाही. इथं ताणून लावणं म्हणजे पेशीला शंभरेक मिलिसेकंद खालच्या व्होल्टेजवर ठेवणं. व्होल्टेज वरच राहिलं तर सापळा पडलेलाच राहतो, बर्स्ट होत नाही.

मेंदूच्या तळाकडून येणारी रसायनं नेमकी ही पातळी हलवतात. ब्रेनस्टेममधून ॲसिटिलकोलीन, लोकस सेरुलियसमधून नॉरॲड्रेनलीन, राफेमधून सेरोटोनिन, हायपोथॅलॅमसमधून हिस्टामिन. जाग येते तेव्हा रिले पेशी बर्स्टमधून टॉनिकमध्ये जाते ती यांच्यामुळे. पण पातळी दोन रस्त्यांनी वर जाते. हौदाची गळकी तोटी बंद केली तरी पाणी चढतं, आणि वरून नळ सोडला तरी चढतं. पेशीत तोटी बंद म्हणजे चॅनेल मिटलं, रेझिस्टन्स वाढतो; नळ सुरू म्हणजे चॅनेल उघडलं, रेझिस्टन्स घटतो. चढलेलं पाणी बघून कुठला रस्ता ते कळत नाही. माझे चौदा प्रिंटआउट म्हणजे नुसतं चढलेलं पाणी होतं.

आता स्लाइस. दोन-तीन आठवड्यांचा उंदीर घ्या. त्याहून मोठ्या वयात मायलिन इतकं दाटतं की पेशी धड दिसत नाही. जाडी २५० ते ३०० मायक्रॉन. काप आडवा घ्या, म्हणजे व्हेंट्रोबेसल भाग (थॅलॅमसचा स्पर्शाच्या संवेदना घेणारा भाग) आणि त्याच्या बाहेरच्या कडेची रेटिक्युलर न्यूक्लियसची पातळ पट्टी दोन्ही एकाच स्लाइसमध्ये मिळतात. सुरुवात व्हेंट्रोबेसलपासूनच करा. उंदरात तिथं स्थानिक इंटरन्यूरॉन (तिथल्या तिथंच जोडणाऱ्या पेशी) जवळपास नसतात, त्यामुळे सापडलेली पेशी रिलेच आहे यावर वाद उरत नाही. कापायचं द्रावण सोडियमऐवजी सुक्रोजवालं आणि बर्फगार. कापल्यावर ३३ अंशांवर अर्धा तास, मग खोलीच्या तापमानाला. पण रेकॉर्डिंग पुन्हा ३२-३३ अंशांवरच. गार स्लाइसमध्ये सगळ्या चॅनेलांचा वेग बदलतो आणि बर्स्ट ओळखू न येण्याइतका सुस्तावतो.

पिपेटमधलं द्रावण पोटॅशियम ग्लुकोनेटचं. त्यात जीटीपी (जी-प्रोटीन नावाच्या निरोप्या प्रथिनांना लागणारं इंधन) ताजं घाला आणि सिरिंज दिवसभर बर्फावर ठेवा. या रसायनांचे बहुतेक परिणाम जी-प्रोटीनमार्फत होतात, शिळ्या जीटीपीवर पेशी दगडासारखी बसून राहते. दुसरं म्हणजे लिक्विड जंक्शन पोटेन्शियल, म्हणजे पिपेटमधलं आणि बाहेरचं द्रावण भेटतं तिथं तयार होणारं फसवं व्होल्टेज. ग्लुकोनेटला ते दहा मिलिव्होल्टच्या वर भरतं. इतर भागांत लोक ते सोडून देतात, पण इथं दहा मिलिव्होल्ट म्हणजे बर्स्ट आणि टॉनिक यांच्यातलं अर्धं-अधिक अंतर. दुरुस्त करा आणि केलं आहे असं वहीत लिहा.

(पुण्यात पावसाळ्यात पिपेट-होल्डरला ओल धरते आणि ट्रेस थरथरायला लागतो. मी रोज संध्याकाळी होल्डर सुटा करून सिलिका जेलच्या डब्यात टाकते. ५० हर्ट्झची गुणगुण मात्र वेगळी, तिचं मूळ बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यात सापडतं.)

पिपेटनं पडदा फोडून पेशी उघडली की पाच मिनिटं काही करू नका. मग आधाराची मोजणी: स्थिर व्होल्टेज, एक मोठा धन पल्स (बर्स्ट बघायला), एक मोठा ऋण पल्स (सुटल्यावर उलटून येणारा बर्स्ट बघायला) आणि दर दहा सेकंदांनी एक चिमुकला ऋण पल्स, −२० पिकोॲम्पियरचा. हा चिमुकला पल्स सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा. व्होल्टेज किती खाली गेलं त्याला करंटनं भागलं की रेझिस्टन्स मिळतो.

आता कार्बाकॉल, २० मायक्रोमोलर, बाथमधून (स्लाइसवरून वाहणाऱ्या द्रावणातून). ॲसिटिलकोलीनच वापरायचा हट्ट असेल तर बारीक पिपेटनं पेशीजवळ फुंकर मारा, कारण बाथमधून आलेलं ॲसिटिलकोलीन स्लाइसमधलं एस्टरेझ (ते तोडणारं एन्झाइम) वाटेतच खाऊन टाकतं.

माझ्या नंतरच्या एका पेशीचे आकडे देते. आधी व्होल्टेज −७१, रेझिस्टन्स २१० मेगाओम. कार्बाकॉल पोचल्यावर व्होल्टेज −६० ला आलं आणि धन पल्सला बर्स्टऐवजी टॉनिक रांग. इथं थांबू नका, आणि इथं रेझिस्टन्सही मोजू नका. −६० वर इतर चॅनेलांची उघडझाप वेगळी असते, त्यामुळे त्या आकड्याची तुलना −७१ च्या आकड्याशी होत नाही. स्थिर ऋण करंट देऊन पेशी हातानं परत −७१ वर आणा, मग चिमुकला पल्स द्या. मला −३८ पिकोॲम्पियर द्यावे लागले आणि रेझिस्टन्स आला २९० मेगाओम. म्हणजे वाढला, म्हणजे तोटी बंद झाली. याच वेळी मोठा धन पल्सही देऊन बघा: व्होल्टेज खाली आल्याबरोबर बर्स्ट परत हजर. औषध बाथमध्ये आहेच, पण सापळा पुन्हा लागला.

कुठली तोटी, याचा अंदाजही याच आकड्यांतून येतो. रेझिस्टन्स उलटा केला की गळती किती ते मिळतं: २१० मेगाओम म्हणजे ४.७६ नॅनोसीमेन्स, २९० म्हणजे ३.४५. फरक १.३१. माझ्या द्रावणात पोटॅशियमचं समतोल व्होल्टेज (जिथं पोटॅशियमची ये-जा सारखी होते) −१०० च्या आसपास होतं, म्हणजे −७१ पासून २९ मिलिव्होल्ट लांब. १.३१ गुणिले २९, अडतीस. मी जेवढा करंट हातानं दिला तेवढाच. बंद झालेली तोटी पोटॅशियमच्या गळतीची. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि सांगायला वॉचमनकाकांशिवाय कोणी नव्हतं. सगळ्या पेशी इतक्या चोख जुळत नाहीत, हेही सांगून ठेवते.

पुढे दोन खात्र्या. नव्या स्लाइसवर टेट्रोडोटॉक्सिन (स्पाइक बंद पाडणारं विष) टाकून पुन्हा करा. स्पाइक बंद झाले तरी व्होल्टेज चढलं तर परिणाम याच पेशीवरचा आहे, शेजारणीमार्फत आलेला नाही. मग ॲट्रोपिन. ते ॲसिटिलकोलीनच्या रिसेप्टरांपैकी मस्कारिनिक हा प्रकार अडवतं. त्यानं परिणाम गेला तर रिसेप्टर मस्कारिनिक.

सेरोटोनिनची गोष्ट वेगळी. मोठ्या ऋण पल्समध्ये व्होल्टेज खाली जाऊन आपोआप थोडं वर सरकतं, तो झोल एच-करंटचा, म्हणजे व्होल्टेज खाली गेल्यावर उघडणाऱ्या एच-चॅनेलांमधून आत येणाऱ्या करंटचा. सेरोटोनिन पेशीतलं सायक्लिक एएमपी (आत निरोप पोचवणारं रसायन) वाढवतं आणि एच-चॅनेल आधीपेक्षा वरच्या व्होल्टेजलाच उघडायला लागतं. व्होल्टेज चढतं, पण रेझिस्टन्स घटतो: वरून नळ सोडला. मॅककॉर्मिक आणि पापे यांनी १९९० मध्ये हे सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलीन दोन्हींसाठी दाखवलं. नॉरॲड्रेनलीन मात्र आगाऊ, ते दोन्ही कामं करतं: अल्फा-१ रिसेप्टरमार्फत तोटी बंद, बीटामार्फत नळ सुरू. रेझिस्टन्स जागचा हललाच नाही असंही दिसू शकतं. अशा वेळी परिणाम नाही असं लिहू नका. फेनिलेफ्रिन (फक्त अल्फा-१ चालवणारं) आणि आयसोप्रोटेरेनॉल (फक्त बीटा चालवणारं) वेगवेगळ्या स्लाइसवर देऊन दोन रस्ते सुटे करा.

एकदा हात बसला की पिपेट रेटिक्युलर पट्टीत न्या आणि तोच कार्बाकॉल द्या. पेशी बहुतेक वेळा खाली जाईल, रेझिस्टन्सही घटेल. इथं मस्कारिनिक रिसेप्टर पोटॅशियमचं चॅनेल उघडतो. रेटिक्युलरच्या पेशी गाबा (पेशींना शांत करणारं रसायन) सोडून रिले पेशींना दाबत असतात, म्हणजे एकाच रसायनानं रिले पेशी उचलली आणि तिला दाबणारीला खाली बसवलं. माझा एक ज्युनिअर हे बघून म्हणाला, "ताई, डोस चुकला वाटतं." नव्हता चुकला. पिपेट कुठं आहे ते त्यानं बघितलं नव्हतं.

कार्बाकॉल धुऊन जायला वीस मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त, आणि पूर्ण गेला याची खात्री नसते. म्हणून एका स्लाइसवर एकदाच औषध. त्याच स्लाइसमधली दुसरी सुंदर पेशी कितीही खुणावत असली तरी स्लाइस टाकून द्या, नवी लावा, आणि दिवस संपला की नळ्या आधी इथेनॉलनं, मग भरपूर पाण्यानं धुवा.