गाडी खाली घेण्याआधी

पाय नीट टेकावेत म्हणून मोटरसायकलची उंची कमी करून घ्यायची असेल, तर आधी मोजपट्टी, खडू आणि घरातलं एक रिकामं माणूस शोधा. गॅरेजचं नंतर बघू. माझी उंची पाच फूट एक इंच. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन 411, तिच्या सीटची उंची 800 मिलिमीटर आणि वजन 200 किलोच्या आसपास. धुळ्यातल्या सपाट रस्त्यावर माझे चवडे कसेबसे टेकतात. घाम फुटतो तो लळिंगच्या चढावर ट्रकांमागे थांबताना, नाहीतर शेतरस्त्यावर डावा पाय नेमका बैलगाडीच्या चाकोरीत उतरतो तेव्हा. तिथे एका इंचावर ठरतं, गाडी उभी राहणार की आडवी होणार.

किती खाली घ्यायची, हे मेकॅनिकला ठरवू देऊ नका. रोजचे बूट घालून सीटवर बसा आणि कुणाला तरी दोन्ही बुटांखाली सारख्या जाडीच्या वह्या सरकवायला सांगा. आमच्याकडे हे काम पुतण्याने केलं. "आत्या, हलू नको ना!" असं दर वहीला ओरडत त्याने थप्पी रचली. बरं वाटलं तिथे थांबलो आणि थप्पी मोजली, 25 मिलिमीटर. तेवढंच खाली यायचं, उगाच दोन इंच नाही. दोन्ही टाचा सपाट टेकल्याच पाहिजेत हा हट्टही सोडा. दोन्ही चवडे नीट टेकले, किंवा जरा सरकून बसल्यावर एक पाय अख्खा टेकला आणि दुसरा ब्रेकवर राहिला, तरी भागतं.

मोजायच्या आधी दोन्ही टायरची हवा कंपनीने सांगितली तेवढी भरून घ्या, नाहीतर सगळी मापं खोटी. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. संध्याकाळी ती भिंतीपासून पाच मीटरवर उभी करून, स्वतः वर बसून, हेडलाइटच्या झोताची वरची कड खडूने भिंतीवर आखून ठेवा. ही रेघ नंतर मिळत नाही. मागची बाजू एकटी खाली गेली की दिवा वर बघतो, आणि रात्री महामार्गावर समोरचा ट्रकवाला अप्पर मारून आपला उद्धार करतो.

आता फुकटचा भाग. कंपनीची स्प्रिंग सहसा माझ्यासारख्या बावन्न किलोच्या माणसाला धरून बसवलेली नसते, त्यामुळे गाडी आपल्याखाली पुरेशी दबतच नाही. हे तपासता येतं. डबल स्टँडवर मागचं चाक अधांतरी ठेवून एक्सलपासून सरळ वर बॉडीवरच्या एखाद्या बोल्टपर्यंत अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर घ्या, जॅकेट-हेल्मेट घालून बसा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसरा हिस्सा हवा. 411 ला मागे 180 मिलिमीटर हालचाल आहे, म्हणजे साठच्या आसपास. माझा फरक आला बेचाळीस. सी-स्पॅनरने (शॉकअपची रिंग फिरवायच्या आकड्यासारख्या पान्याने) प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, थोडा सैल केला तर तो पन्नासवर गेला, एक पैसाही न घालवता आठ मिलिमीटर पदरात. पण याच्या नादाने प्रीलोड पार सोडून देऊ नका. मागे माणूस किंवा सामान असताना पहिल्याच गतिरोधकावर शॉकअप तळाला आपटतो, आणि तो धक्का थेट कमरेत जातो.

मग सीट. खरं तर सीटची उंची जितकी नडते तितकीच तिची रुंदी नडते, कारण पाय आधी बाहेर फाकतात आणि मग खाली जातात. सीटवाल्याला सांगायचं, पुढच्या दोन्ही कडा तास, मधला फोम राहू दे. तो उत्साहाच्या भरात मधूनच कापतो, आणि मग शिरपूरपर्यंतही बसवत नाही. जाड तळव्याचे बूट घ्या, पण उंच टाचेचे नकोत. एवढ्यात वह्यांची थप्पी पुरी झाली असेल तर इथेच थांबा. गाडीचा एक नटही खोलायची गरज नाही.

नाहीच झाली, तर पुढची तयारी गंभीर आहे. चिमटा (मागचं चाक धरणारा हलता दांडा, स्विंगआर्म) आणि शॉकअप यांना जोडणाऱ्या लिंकेजच्या पट्ट्या लांब केल्या की बहुतेक गाड्यांत मागची बाजू खाली येते. पट्टी 5 मिलिमीटर वाढवली म्हणजे सीट 5 मिलिमीटर खाली आली, असं मात्र नसतं. लिव्हरच्या हिशोबाने ती त्याहून बरीच जास्त उतरते. शक्यतो तयार पट्ट्या घ्या. लेथवर करून घ्यायच्याच असतील तर दोन्ही पट्ट्या एकत्र धरून भोकं पाडायची. एका बाजूला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी लिंकेज वाकडं ओढलं जातं आणि बेअरिंग खलास होतात. पट्टी कुठल्याही पत्र्याची कापू नका. धावत्या गाडीत ती तुटली तर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी.

मी ज्याच्याकडे गेले तो मेकॅनिक पट्ट्या हातात घेऊन म्हणाला, "ताई, गाडी खाले जाई, पन रस्ता थोडाच खाले जास!" म्हणजे जमिनीपासूनचं 220 मिलिमीटरचं अंतर तेवढंच कमी होणार. दुसरं असं की शॉकअप तेवढाच दबतो, पण बॉडी खाली आल्यामुळे चाक आधीपेक्षा जास्त वर शिरतं. म्हणून पट्ट्या बसवून झाल्यावर शॉकअपचा एक बोल्ट काढून ठेवा आणि चाक हाताने पूर्ण वर, अगदी शेवटपर्यंत उचलून बघा. टायर मडगार्डला, एबीएसच्या वायरला, नंबरप्लेटच्या कंसाला घासतं का? हा प्रयोग मेकॅनिकला कंटाळवाणा वाटतो. करूनच घ्या.

मागे 25 घेतले तर पुढेही साधारण तेवढेच घ्यायचे. एकटी मागची बाजू खाली आली की फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) मागे कलतो, हँडल जड होतं आणि चढावर पुढचं चाक हलकं पडतं. एकटी पुढची बाजू खाली आली तर उलट, वेगात गाडी चुळबुळते. पुढचं काम म्हणजे फोर्कच्या नळ्या टी मधून, म्हणजे हँडलखाली त्यांना आवळून धरणाऱ्या पट्ट्यांतून, वर सरकवणं. त्याआधी चाक अधांतरी असताना टायरच्या, किंवा टायरबरोबर हलणाऱ्या मडगार्डच्या माथ्यापासून त्याच्या वरच्या पहिल्या अडथळ्यापर्यंत अंतर मोजा. त्यातून पुढची 200 मिलिमीटरची हालचाल वजा करा, मग सरकवायचे 25 वजा करा. उरलेल्या फटीत दोन बोटं मावत नसतील तर कमी सरकवा. सरकवताना एका वेळी एकाच नळीचे बोल्ट सैल करायचे आणि दोन्ही नळ्या व्हर्निअरने मोजून सारख्या ठेवायच्या. बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळायचे. शेवटी हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ब्रेकचा पाइप आणि केबली ताणत नाहीत ना ते बघा.

आणि स्टँड! यावर मी आपटले आहे, शब्दशः. पट्ट्या बसवल्या, फोर्क सरकवला, आनंदाने डेअरीवर दूध आणायला गेले. साइड स्टँड जुन्याच लांबीचा. गाडी खाली आल्यावर तो तिला डावीकडे कलूच देत नाही, गाडी जवळपास सरळ उभी राहते. मी पिशवी घेऊन वळते तोवर एका बकरीने तिला अंग घासलं आणि गाडी उजवीकडे धाडकन आडवी. पुढच्या ब्रेकचा लिव्हर वाकला, उजवा आरसा गेला, बकरीला काही झालं नाही. डेअरीवाले काका गाडी उचलायला आले आणि उचलता उचलता म्हणाले, "पोरी, मोठी गाडी कशाले लई?" तेव्हा स्टँड कापून वेल्डिंग करणारा माणूस आधी ठरवून ठेवा, पट्ट्या बसतील त्याच दिवशीचा. एकदम 25 कापायचं नाही. थोडं कापा, टाका मारा, उभी करून बघा, मगच पक्कं वेल्डिंग. खालच्या चकतीचा कोन जमिनीला समांतर राहिला पाहिजे. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची वायर काढा आणि स्टँडचा स्विच जळू देऊ नका. डबल स्टँडवर गाडी चढवणंही आता जड जातं. मी मागचं चाक इंचभर जाडीच्या फळीवर घेते आणि मग ओढते. फळी अंगणातच पडलेली असते.

चेनचा ढिलेपणा नव्याने लावावा लागतो. पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सर्वात ताणते. कुणाला तरी वर बसवून त्या अवस्थेत ती थोडी तरी सैल आहे ना ते पाहा.

कागदांचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. फ्रेमला कटर लावू नका. वॉरंटी आणि विमा चालू असेल तर दोघांना आधी लेखी विचारा. जुन्या पट्ट्या आणि बोल्ट तेल लावून, पिशवीवर नाव लिहून ठेवा. गाडी विकताना त्याच लागतात.

पहिली चक्कर तोरणमाळची नको. इंजिनाखालच्या संप गार्डवर खडूचे आडवे पट्टे ओढा आणि गावाबाहेरचा ओळखीचा, चाकोऱ्यांचा शेतरस्ता धरा, आधी रिकामी, मग सामान लादून. येताना गावातले सगळे गतिरोधक घ्या. घरी येऊन खाली वाकून बघा, खडू कुठे पुसला. माझा दोन ठिकाणी पुसला होता. दुसऱ्या दिवशी मी प्रीलोड थोडा आवळून पाच मिलिमीटर परत वर घेतले आणि बुटात एक जाड सोल टाकला. शंभर किलोमीटर झाल्यावर लिंकेजचे आणि टी चे सगळे बोल्ट पुन्हा तपासले, एक पाव आटा सैल निघाला.