पिचरने नियम मोडल्यास पंचाने काय करावे

बेसबॉलमध्ये पिचरने (बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने) नियम मोडल्याचे लक्षात आले की पंचाने आधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा नियमभंग ठरवण्यासाठी पिचरचा हेतू शोधावा लागणार आहे काय? पायाची चुकीची हालचाल डोळ्यांना दिसते आणि चेंडूला फासलेला चिकट पदार्थ बोटांना कळतो, पण बॅटरच्या अंगावर आलेला चेंडू मुद्दाम टाकला होता की निसटला होता, हे मात्र परिस्थितीवरून ठरवावे लागते. पुढील सूचना अमेरिकेतील मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या नियमांना धरून आहेत.

धावक बेसवर (मैदानातील चार थांब्यांपैकी एकावर) असताना पिचरने केलेल्या बेकायदा हालचालीला बॉक म्हणतात. रबराला (पिचर जिच्यावरून चेंडू टाकतो त्या पट्टीला) पाय लागलेला असताना पहिल्या बेसकडे चेंडू फेकण्याची हूल देणे, बेसच्या दिशेने पाऊल न टाकता तिकडे चेंडू फेकणे, फेक सुरू करून मध्येच थांबणे, सेट पवित्र्यात (फेकीपूर्वी स्थिर उभे राहण्याच्या पवित्र्यात) पूर्ण न थांबता चेंडू टाकणे किंवा रबरावर उभे असताना चेंडू हातातून पडणे हे त्याचे नेहमीचे प्रकार आहेत. तिसऱ्या बेसकडे दिलेली हूल पूर्वी चालत असे. 2013 पासून तीही बॉक ठरते. धावकाला फसवू नये हा या नियमाचा उद्देश असल्याने, हालचाल बेकायदा होती की नाही याविषयी पंचाच्या मनात शंका असेल, तर पिचरचा हेतू विचारात घ्यावा. हालचाल स्पष्ट दिसली असेल, तर हेतूचा प्रश्नच उरत नाही.

नवे पंच येथे घाई करतात. बॉक दिसताच बोट दाखवून मोठ्याने ‘बॉक’ म्हणावे, परंतु चेंडू बॅटरकडे टाकला गेला असेल तर ‘टाइम’ लगेच पुकारू नये. त्या चेंडूवर बॅटर पहिल्या बेसवर पोहोचला आणि सर्व धावकही किमान एक बेस पुढे सरकले, तर बॉक विसरून खेळ जसा झाला तसा कायम ठेवला जातो. तसे न झाल्यास खेळ थांबवून प्रत्येक धावकाला एक बेस पुढे पाठवावे. अमेरिकेतील हायस्कूलच्या नियमांत मात्र बॉक पुकारताच चेंडू मृत होतो, म्हणून मैदानात उतरण्यापूर्वी त्या स्पर्धेची नियमपुस्तिका वाचून घ्यावी.

पिच क्लॉकमध्ये, म्हणजे फेकीची वेळ मोजणाऱ्या घड्याळाच्या बाबतीत, निर्णयाचा घोळ नसतो. धावक नसताना 15 सेकंद आणि, 2024 पासून, धावक असताना 18 सेकंद मिळतात. त्या वेळेत पिचरने फेक सुरू केली नाही तर बॅटरच्या खात्यात एक ‘बॉल’ (बॅटरच्या बाजूने मोजली जाणारी सदोष फेक) जमा करावा.

चेंडूशी केलेली छेडछाड हा अधिक गंभीर भाग आहे. क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्या वाचकांना गोलंदाज चेंडू पँटला घासताना पाहण्याची सवय असते, पण बेसबॉलमध्ये पिचरने चेंडू कपड्यांवर किंवा ग्लोव्हवर घासणेही निषिद्ध आहे. थुंकी लावलेल्या चेंडूवर 1920 मध्ये बंदी आली. त्या वेळी सवलत मिळालेल्या 17 पिचरपैकी शेवटचा, बर्ली ग्राइम्स, 1934 पर्यंत खेळला. माउंडभोवतीच्या (पिचरच्या उंचवट्याभोवतीच्या) 18 फुटांच्या वर्तुळात पिचरने तोंडाला लावलेला हात न पुसता चेंडूला लावल्यास पंचाने तो चेंडू बदलून ताकीद द्यावी आणि पुन्हा तसे घडल्यास ‘बॉल’ द्यावा. परका पदार्थ अंगावर, हातावर किंवा ग्लोव्हवर सापडला, तर मात्र ताकिदीची पायरी नाही: पिचरला तत्काळ बाहेर काढावे. त्यानंतर त्याला 10 सामन्यांचे निलंबन होते आणि त्या काळात संघाला त्याची जागा भरता येत नाही. हाताला रोझिनची (राळेची) भुकटी लावण्यास परवानगी आहे, आणि खरी अडचण तिथेच येते, कारण घामात मिसळलेली भुकटीही चिकट लागते.

21 जून 2021 पासून पंच प्रत्येक पिचरची नियमितपणे तपासणी करतात. ती इनिंग संपल्यावर किंवा पिचर बदलताना करावी, म्हणजे खेळाची लय मोडत नाही. टोपी, ग्लोव्ह, पट्टा आणि हात पाहावेत, आणि तपासणीस नकार देणाऱ्याला दोषी मानून बाहेर काढावे. एप्रिल 2023 मध्ये लॉस एंजेलिस येथे पिचर मॅक्स शर्झरच्या बाबतीत पंचांनी आधी हात धुवायला लावले, मग ग्लोव्ह बदलायला लावला, आणि त्यानंतरही हात चिकट लागल्यावर पंच फिल कझी यांनी त्याला बाहेर काढले. आपण केवळ घाम आणि रोझिन वापरल्याचे शर्झर सांगत राहिला, तरी निलंबन टळले नाही. माझ्या मते पंचांनी आधी दिलेल्या त्या दोन संधींमुळेच त्यांचा निर्णय टिकाऊ झाला.

बॅटरच्या अंगावर चेंडू आला की पंचाची खरी कसोटी लागते. क्रिकेटमध्ये कमरेच्या वर आलेला फुलटॉस हेतू न पाहता नो-बॉल ठरतो. बेसबॉलमध्ये तशी रेषा नाही. म्हणून आधीच्या इनिंगमध्ये कोणाला चेंडू लागला होता काय, धावफलक काय सांगतो, कॅचरने (बॅटरमागे चेंडू पकडणाऱ्याने) ग्लोव्ह कुठे धरला होता आणि चेंडू डोक्याच्या रोखाने आला होता काय, हे सारे पंचाने आधीपासून मनात नोंदवत राहावे. हेतू स्पष्ट दिसल्यास पिचरला, किंवा पिचर आणि मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक) या दोघांनाही, बाहेर काढता येते. त्याऐवजी दोन्ही संघांना ताकीद देऊन, पुढचा असा चेंडू थेट हकालपट्टीला कारण ठरेल असे सांगता येते. ताकीद दोन्ही डगआउटकडे हात दाखवून, सर्वांना दिसेल अशी द्यावी. तिच्याविरुद्ध वाद घालायला मैदानात येणाऱ्याला आधी परत फिरण्यास सांगावे. त्याने ऐकले नाही, तर त्यालाही बाहेर काढता येते.

खेळ चालू असताना कोणाला बाहेर काढलेच, तर तो निर्णय त्या चेंडूवरचा खेळ पूर्ण झाल्यावरच लागू होतो. हकालपट्टी आणि तिची कारणे यांचा अहवाल सामना संपल्यापासून 12 तासांच्या आत लीगकडे पाठवावा लागतो. शिवीगाळ किंवा पंचाच्या अंगावर धावून जाणे यांसारख्या गंभीर प्रकारांत ही मुदत 4 तासांची आहे. अहवालात ‘त्याने उर्मट वर्तन केले’ असे मोघम लिहू नये. उच्चारलेले शब्द, इनिंग, त्या वेळची धावसंख्या आणि आधी दिलेली ताकीद नेमकेपणाने नोंदवावी.