४ जीबीच्या लॅपटॉपवर कंपाइल करताना या चुका टाळा

गणपतीला गावी आलेलं पोर पडवीत लॅपटॉप उघडतं, ‘मेक -जे’ मारतं (मेक म्हणजे कोडच्या फाइली कंपाइल करवून, त्यांचा प्रोग्राम बनवून घेणारं साधन, ‘-जे’ म्हणजे अनेक कामं एकदम) आणि पाचव्या मिनिटाला माउससुद्धा हलत नाही. मग खापर जुन्या प्रोसेसरवर. तो बिचारा रिकामा बसलेला असतो. भरलेली असते ती रॅम.

‘-जे’पुढे आकडा न देणं ही सगळ्यात महाग चूक. आकडा नसला की मेक मर्यादाच पाळत नाही, सुरू करता येतील तेवढी कामं एकदम सुरू करतं. ‘एनप्रॉक’चा आकडा टाकणारेही फार शहाणे नव्हेत, कारण ती प्रोसेसरच्या कोअरची मोजणी, रॅमची नव्हे. चार चुली पेटवल्या म्हणून ओटा रुंद होत नाही. टेम्प्लेटांनी, म्हणजे कोडच्या साच्यांनी, भरलेली सी प्लस प्लसची एकच फाइल कंपाइल होताना १ जीबी रॅम खाऊ शकते. डेस्कटॉप नि ब्राउझरने दीड जीबी नेली, उरली अडीच, म्हणजे ‘-जे २’. साध्या सीला ४ चालतं. निंजा हे मेकसारखंच साधन तर न सांगता कोअरपेक्षा जास्तच कामं घेतं. तिथेही आकडा हाताने लिहा. आणि ब्राउझर बंद करा, कंपाइल बघत गाणी ऐकायची असतील तर फोन आहे.

दुसरी खोड लिंकिंगची, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडून एक प्रोग्राम करण्याची. किस्सा ठरलेला: एलएलव्हीएम हा कंपायलरचा अवाढव्य प्रकल्प डीबग प्रकारात (चुका शोधायची जादा माहिती सोबत ठेवून) बांधायला घेतलं, रात्रभर फाइली सुरळीत झाल्या, पहाटे शेवटच्या टप्प्यात ‘किल्ड’. कोडमध्ये चूक शोधण्यात सकाळ गेली. ‘डीमेसेज’, म्हणजे लिनक्सच्या कर्नलची नोंद, बघितलं असतं तर ‘आउट ऑफ मेमरी’ तिथेच लिहिलेलं होतं. वर वैताग म्हणजे ‘मेक क्लीन’ मारून झालेलं सगळं पुसलं! डीबग माहितीमुळे एकेक लिंक काही जीबी मागते आणि अशा तीन-चार एकदम चालतात. डीबग माहिती नसलेला रिलीज प्रकार घ्या, लिंकर (फाइली जोडणारा प्रोग्राम) एलएलडी ठेवा, निंजासोबत ‘एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स=१’ द्या. स्वतःच्या प्रकल्पात पूर्ण डीबग माहिती देणाऱ्या ‘-जी’ऐवजी थोडकी देणारं ‘-जी१’ बहुतेक वेळा पुरतं. बिल्ड मेला तर आकडा कमी करून तीच आज्ञा पुन्हा द्या. झालेल्या फाइली तशाच वापरल्या जातात.

बिल्ड फोल्डर टीएमपीएफएसवर ठेवू नका. ती रॅमच आहे.

जुन्या हार्ड डिस्कवर मोठा स्वॅप (रॅम भरली की डिस्कवर वापरायची जागा) म्हणजे वेग नव्हे, नुसती घरघर. २ जीबीचा झेडरॅम लावा, तो हाच माल डिस्कवर न टाकता रॅममध्येच दाबून, कमी जागेत ठेवतो.

सीकॅश, म्हणजे एकदा कंपाइल झालेलं जपून ठेवून पुन्हा वापरणारं साधन, पहिल्या बिल्डला उपयोगी पडत नाही, म्हणून लगेच काढून टाकणारे अधीर जीव भरपूर. दुसऱ्या बिल्डपर्यंत थांबा.

पावसात लाईट गेली आणि बॅटरी दगा देणारी असेल, तर परत सुरू केल्यावर ‘फाइल ट्रंकेटेड’ येऊ शकतं. अर्धवट ‘.ओ’ फाइलची (कंपाइल होऊन निघणाऱ्या फाइलची) तारीख ताजी असल्याने मेक तिला पूर्ण समजतं. शून्य बाइटच्या आणि लाईट जाण्याच्या मिनिटातल्या ‘.ओ’ फाइली तेवढ्या उडवा, बाकीला हात लावू नका.