मेटल डिटेक्टरने मोकळे रान तपासताना या चुका टाळा

सोयाबीनची काढणी सुरू झाली की लातूर, परभणी, हिंगोली या भागांतून मला सारखे निरोप येऊ लागतात. कोणाच्या मंगळसूत्राचा दोरा तुटून वाटी पडलेली असते, कोणाचे जोडवे पायातून निसटलेले असते, कोणाची अंगठी पेंढ्या उचलताना गेलेली असते. अलीकडे बहुतेक ठिकाणी माझ्या आधीच कोणीतरी यंत्र घेऊन येऊन गेलेला असतो आणि "मशीन फिरवली, रानात काही नाही" असे घरच्यांना सांगून मोकळा झालेला असतो. अशा कित्येक रानांत वस्तू मला नंतर मिळाली आहे, आणि ती फार खोलही नव्हती. यंत्र बहुधा चांगलेच असते. ते फिरवण्याची पद्धत चुकलेली असते.

सर्वांत मोठी चूक झोक्याची आहे. नवखा माणूस यंत्र पाळण्यासारखे हलवतो, म्हणजे मध्यभागी तबकडी (दांड्याच्या टोकाची धातू शोधणारी गोल चकती) जमिनीलगत असते आणि दोन्ही टोकांना वीतभर वर जाते. खांदा एका जागी आणि हात सैल असला की कमान आपोआप तयार होते, त्यामुळे फिरवणाऱ्याला आपण तबकडी उचलतो आहोत हे जाणवतही नाही. तबकडीतून निघणाऱ्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत सूक्ष्म वीजप्रवाह फिरू लागतो आणि त्या प्रवाहाचे क्षीण क्षेत्र तबकडीने पुन्हा टिपायचे असते. अंतर वाढले की हा प्रतिसाद फार झपाट्याने घटतो. टोकाला तबकडी सहा इंच उचलली गेली, तर चार इंच खोलीवरची वाटी त्या क्षणी दहा इंचांवर गेलेली असते, आणि एवढ्या लहान दागिन्यासाठी दहा इंच म्हणजे बहुतेक यंत्रांच्या आवाक्याबाहेरची गोष्ट आहे.

आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडले जाते. मराठवाड्याची जमीन बेसाल्टपासून बनलेली आहे, तिच्यात लोहखनिजाचे बारीक कण असतात, आणि तबकडीची उंची बदलली की जमिनीकडून येणारा प्रतिसादही बदलतो. त्यामुळे टोकाला तबकडी उठली की यंत्र उगाच कुरकुरते. नवखा माणूस त्या कुरकुरीला कंटाळून सेन्सिटिव्हिटी कमी करतो, म्हणजे हाताची चूक झाकण्यासाठी यंत्राचे कान बंद करतो.

मी दांडा कोपरापासून न हलवता कमरेतून वळतो, आणि झोका चार फुटांहून रुंद होऊ देत नाही. तबकडी जमिनीपासून दोन बोटे वर आणि जमिनीला समांतर राहिली पाहिजे. धसकटे आडवी येत असतील तर आधी ती विळ्याने जमिनीलगत छाटून घेतो. धसकटांवरून तबकडी उडवत नेण्यात वेळ वाचतो असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण त्यांच्या मागोमाग मला तेच रान पुन्हा तपासावे लागते. एका बाजूच्या झोक्याला मनात "एक, दोन" असे सावकाश मोजावे. झोका फार वेगाने गेला की शेजारच्या खिळ्याचा आवाज ओसरण्याआधीच तबकडी दागिन्यावरून पुढे निघून जाते.

दुसरी मोठी चूक तासाची, म्हणजे रानात एकामागून एक धरायच्या पट्ट्यांची आहे, आणि तिचा धडा मला औसा तालुक्यातल्या एका रानात मिळाला. तिथे काढणी करताना त्या घरच्या सुनेच्या मंगळसूत्रातील एक वाटी पडली होती. रान एकराचे होते. मी सकाळी सुरू केले, डोळ्यांच्या अंदाजाने पट्टे धरून दुपारपर्यंत सगळ्या रानातून फिरलो आणि घरच्यांना सांगितले की वाटी रानात नाही. ते शब्द मी अत्यंत बेफिकिरीने उच्चारले होते. वाटी रानात नसेल तर ती कोणीतरी उचलली असली पाहिजे, हा पुढचा विचार घरच्यांनी संध्याकाळपर्यंत केला. सुनेच्या शेजारच्या तासात कापणी करणाऱ्या मजूर बाईचे नाव कोणीतरी घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून ती बाई कामावर आली नाही.

हे मला आठवडाभराने कळले. मी त्याच दिवशी सुतळीचे दोन गुंडे आणि खुंट्या घेऊन परत गेलो. त्या घरच्या आजोबांनी सुतळी पाहून विचारले, "हे पहिल्या दिवशी का नाही केलं? वखराची पाळी घालताना मागच्या पाळीवर चार बोटं चढवतोच की आम्ही. नाही तर तेवढा पट्टा तणाचा राहतो." माझ्याकडे उत्तर नव्हते. सुतळ्या बांधून तास धरत गेलो आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी बांधाच्या बाभळीसमोर वाटी मिळाली. ती जेमतेम चार बोटे खोल होती. बाभूळ ही पहिल्या दिवशी माझ्या दोन पट्ट्यांमधली खूण होती, म्हणजे वाटी नेमकी दोन झोक्यांची टोके जिथे भेटायला हवी होती तिथे पडून होती. मी ती त्याच ठिकाणी, तेवढ्याच खोलीवर पुन्हा ठेवली आणि पहिल्या दिवसासारखाच घाईचा झोका घेऊन पाहिला. तबकडी वरून गेली आणि यंत्र गप्प राहिले. त्या घरच्या मालकीणबाई त्याच संध्याकाळी वाटी पदरात बांधून त्या बाईच्या घरी गेल्या.

त्या दिवसापासून मी हिशेब मांडल्याशिवाय कामाला हात लावत नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ढोबळमानाने ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. चार फुटांचे तास धरले तर नऊ तास होतात. अकरा इंचांच्या तबकडीने प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर निम्मा चढवायचा तर पाऊल पाचच इंच पुढे सरकते, म्हणजे अशा एका पट्ट्यात सुमारे ८० झोके आणि गुंठ्यात सुमारे ७०० झोके. झोक्याला दोन सेकंद धरले तरी २४ मिनिटे लागतात. वळणे, थांबणे, खणणे मिळून अर्धा तास सहज जातो. ४० गुंठ्यांच्या एकराला वीस तास लागतील. मी त्या दिवशी एकर चार तासांत उरकला होता.

म्हणून यंत्र सुरू करण्याआधी घरच्यांशी बसून बोलण्यात गेलेला एक तास मी वाया गेला असे मानत नाही. दोरा तुटल्याचे कधी लक्षात आले, त्याआधी पाणी कुठे प्यायले, गंज कुठे लावली, जेवायला कोणत्या झाडाखाली बसले, हे विचारले की चाळीस गुंठ्यांचे पाच-सहा गुंठे होतात. मग त्या गुंठ्यांचे आधी उभे आणि नंतर आडवे तास करावेत.

झोके किती चढवायचे हे तबकडीच्या जातीवरही अवलंबून असते. एकात एक गोल वेटोळी असलेल्या तबकडीचे क्षेत्र भोवऱ्यासारखे असते, वर रुंद आणि खाली अणकुचीदार; त्यामुळे खोलवर तिचा पट्टा फारच अरुंद होतो आणि निम्म्याहून जास्त चढवावे लागते. डबल-डी, म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारखी दोन वेटोळी असलेल्या तबकडीचे क्षेत्र वखराच्या पाशीसारखे पुढून मागे लांब असते, म्हणून मोकळ्या रानासाठी मी तीच वापरतो.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळण्याची सोय, वाढवून ठेवणे हाही एक मोह आहे. कीटकनाशकाच्या बाटलीच्या तोंडावरचे चंदेरी सील आणि गोळ्यांच्या पाकिटांची पत्री यांचा आवाज नको म्हणून लोक तो भाग बंद करतात, पण लहान सोन्याचा प्रतिसाद त्याच भागात येतो. बारीक साखळी तर आणखी अवघड, कारण यंत्राला ती अखंड दिसत नाही, तिची एकेक कडी वेगळी दिसते. सोने शोधायचे असेल तर सील उकरण्याची तयारी ठेवावी. मी त्याच घरातून तसाच दुसरा दागिना मागून घेतो, त्यांच्यादेखत बांधाजवळ चार बोटे पुरतो आणि त्याचा आवाज कानात बसवूनच रानात उतरतो.

हातातील कडे, खिशातील मोबाइल आणि लोखंडी टाचेचे बूट बाजूला काढून ठेवावेत. वरून विजेच्या तारा जात असतील किंवा विहिरीवरची मोटार चालू असेल तर यंत्र बडबडते. मोटार बंद करून घ्यावी. काळ्या रानातून मुरमाड उंचवट्यावर गेल्यावर ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा प्रतिसाद वगळण्याची जुळणी, पुन्हा करावा.

उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. भेगा दोन-दोन फूट खोल जातात आणि अंगठी आत घरंगळली तर वरून कोणतीही तबकडी तिला गाठणार नाही. अशा ठिकाणी मी पिनपॉइंटर, म्हणजे नेमकी जागा दाखवणारे हातातले छोटे यंत्र, काठीला बांधून भेगेत उतरवतो. पावसानंतर भेगा मिटेपर्यंत थांबण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकू नये, कारण भेग मिटली की वस्तू खालीच अडकते.

गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, यंत्र नेऊ नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. तेर, पैठण, भोकरदन या ठिकाणी सातवाहनकाळाचे अवशेष जमिनीत आहेत, आणि यंत्र हाती आलेल्या तरुणांची पहिली नजर तिकडेच जाते. संरक्षित स्थळी खणणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. इतरत्रही जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा दडलेला ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मी अशा निरोपांना सरळ नकार देतो.

वस्तू न मिळताच परतावे लागले, तर मी वहीत रानाचा नकाशा काढतो, तपासलेले गुंठे रेघोट्यांनी भरतो आणि ते पान घरच्यांकडे देतो. त्यावर एवढेच लिहितो की या सहा गुंठ्यांत सहा इंचांपर्यंत वाटी मिळाली नाही आणि उरलेले चौतीस गुंठे तपासायचे राहिले आहेत. मजुरांपैकी कोणी हजर असेल तर ते पान मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवतो.